लेन बदलताना गाडी का डगमगते

गोव्यात आज चाळिशी-पन्नाशीत असलेले बहुतेक जण गाडी चालवायला शिकले ते एका बाजूला चिऱ्यांचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार असलेल्या अरुंद रस्त्यावर. समोरून कदंबची, म्हणजे राज्याच्या परिवहन महामंडळाची, बस आली की कोणी तरी थांबायचे आणि कोणी तरी पुढे जायचे, एवढाच तिथला व्यवहार होता. लेन बदलण्याचा प्रश्नच येत नव्हता. त्यानंतर राष्ट्रीय महामार्ग ६६ चा बराचसा भाग चौपदरी झाला, २०१९ च्या जानेवारीत मांडवीवरचा अटल सेतू खुला झाला, २०२२ च्या डिसेंबरात झुआरीवरील नव्या पुलाच्या पहिल्या चार लेन आणि २०२३ च्या डिसेंबरात उरलेल्या चार लेन सुरू झाल्या. रस्ते रुंद झाले आणि वेगही वाढला, परंतु एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये जाताना गाडीच्या अंगात नेमके काय घडते, हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेले नाही.

गॅरेजमध्ये या संदर्भात दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे लेन बदलताना गाडी मागून झोकांडी खाल्ल्यासारखी वाटते, आणि दुसरी म्हणजे वेग ऐंशीच्या आसपास गेला की स्टेअरिंग थरथरू लागते. पहिल्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा चालवण्याच्या पद्धतीत, टायरमधील हवेत किंवा गाडीत भरलेल्या ओझ्यात असते, आणि दुसरीचे चाकांत. तरीही या दोन्ही गोष्टी एकत्रच समजून घ्यायला हव्यात, असे माझे मत आहे. लेन बदलण्यासाठी लागणारी सगळी पकड चार टायरच्या जमिनीला टेकलेल्या, प्रत्येकी हाताच्या पंजाएवढ्या भागातूनच मिळते, आणि ज्या गाडीचे चाक रस्त्यावर नीट टेकून फिरत नाही, तिची ही पकड आधीच कमी झालेली असते.

एक नव्हे, दोन वळणे

लेन बदलणे हे एक वळण आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती दोन वळणे असतात. डावीकडच्या लेनमधून उजवीकडे जाताना आपण स्टेअरिंग प्रथम थोडे उजवीकडे वळवतो, आणि नव्या लेनमध्ये गाडी सरळ करण्यासाठी तितकेच डावीकडे वळवतो. या दुसऱ्या वळणाकडे आपले लक्ष नसते, कारण लेन तर मिळालेली असते आणि नजर पुढच्या गाडीवर गेलेली असते. गाडी डगमगते ती मात्र बहुधा याच दुसऱ्या वळणात.

आता थोडे गणित करू. महामार्गावरील लेनची रुंदी साधारणपणे ३.५ मीटर असते, म्हणजे लेन बदलताना गाडीला पुढे धावता धावता तेवढेच अंतर बाजूला सरकायचे असते. हे सरकणे सावकाश, चार सेकंदांत केले, तर टायरवर बाजूने येणारा जास्तीत जास्त जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के भरतो. तेच दोन सेकंदांत उरकले, तर तो जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे वजनाच्या सुमारे ५६ टक्क्यांवर जातो. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगले टायर वजनाच्या ७० ते ८० टक्के जोर पेलतात, त्यामुळे उन्हाळ्यात घाईने लेन बदललेली निभावून जाते. ओल्या रस्त्यावर हीच क्षमता ४० ते ५० टक्क्यांपर्यंत खाली येते आणि टायर झिजलेले असतील तर त्याहूनही खाली. मे महिन्यात ज्या सवयीने काहीही बिघडले नाही, तीच सवय जूनमध्ये गाडी घसरवते, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

या हिशेबातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किती वेळात बाजूला सरकायचे हे एकदा ठरले, की बाजूचा जोर गाडीच्या वेगावर अवलंबून राहत नाही. वेगावर अवलंबून राहते ते स्टेअरिंग किती फिरवायचे हे. वेग दुप्पट झाला की स्टेअरिंगच्या तेवढ्याच फिरवण्याने बाजूचा जोर चौपट होतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात शांतपणे लेन बदलण्यासाठी स्टेअरिंगची कड जेमतेम दोन-तीन बोटांइतकी सरकवावी लागते. म्हापशाच्या बाजारात गाडी लावताना ज्या हातांनी स्टेअरिंग गरागरा फिरवले, तेच हात अर्ध्या तासाने महामार्गावर असतात, आणि त्यांना हा फरक आपोआप कळत नाही. तो मुद्दाम शिकावा लागतो. स्टेअरिंग दोन्ही हातांनी, घड्याळातील नऊ आणि तीन या आकड्यांच्या जागी धरले, तर इतकी बारीक हालचाल जमते. एका हाताने, वरच्या बाजूला मनगट टेकवून चालवणाऱ्याला ती सहसा जमत नाही, कारण तिथे हाताचे वजनच स्टेअरिंग ओढत असते.

चार सेकंदांत ताशी ८० च्या वेगाने गाडी सुमारे ९० मीटर पुढे जाते. त्यामुळे झुआरी पूल ओलांडून कुठ्ठाळीला वास्कोचा आणि वेर्णा-मडगावचा रस्ता वेगळा होतो, तिथे फाटा समोर दिसल्यावर लेन निवडायला वेळच उरलेला नसतो. फलक वाचल्याबरोबर, पुलावर असतानाच योग्य लेनमध्ये गेले पाहिजे. आणि तरीही फाटा चुकलाच, तर पुढे जाऊन परत यावे. त्यात दहा-पंधरा मिनिटे जातील, पण शेवटच्या क्षणी दोन लेन तिरके कापत जाण्यात मागच्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

हेलकावा कुठून येतो

गाडीचे शरीर चाकांवर घट्ट बसवलेले नसते. मध्ये स्प्रिंग, शॉकअप आणि जोडांत धक्का सोसणारे रबराचे बुश असतात. बसमध्ये दांडा धरून उभा असलेला प्रवासी बस उजवीकडे वळली की डावीकडे कलतो, आणि बस लगेच डावीकडे वळली की तो नुसता सरळ होत नाही, तर जोराने दुसऱ्या बाजूला फेकला जातो. गाडीच्या शरीराचेही तसेच होते. पहिल्या वळणात डावीकडचे स्प्रिंग दाबले जातात. दुसरे वळण सुरू झाले की ते दाबलेले स्प्रिंग उसळतात आणि नव्या वळणाचा जोरही त्याच दिशेला लागतो, त्यामुळे दुसरा झोक पहिल्यापेक्षा मोठा असतो. त्यातच पुढच्या चाकांना वळणाची आज्ञा थेट स्टेअरिंगकडून मिळते, तर मागच्या चाकांना गाडी वळू लागल्यावरच ते कळते. हा उशीर सेकंदाच्या छोट्याशा भागाचा असतो, पण मागची बाजू झोकांडी खाते असे जे वाटते, ते त्यामुळेच. घाबरलेला चालक हा झोक थांबवण्यासाठी स्टेअरिंग उलट दिशेला झटकतो, त्याने तिसरा झोक येतो, आणि हे झटके गाडीच्या हेलकाव्याशी जुळले तर प्रत्येक झोक आधीच्यापेक्षा वाढत जातो.

मोठ्या कंपन्यांनाही याचा अनुभव आलेला आहे. १९९७ साली मर्सिडीझ-बेंझची त्या वेळी नवी असलेली ए-क्लास ही छोटी, उंच बांध्याची गाडी स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत उलटली. रस्त्यावर अचानक आलेले जनावर चुकवण्यासाठी लेन सोडायची आणि लगेच मूळ लेनमध्ये परतायचे, अशी ती चाचणी होती. कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि गाडी घसरू लागली की नेमक्या एखाद्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांमध्ये बसवली. ही यंत्रणा आज आपल्याकडच्या अनेक नव्या गाड्यांत असते. गाडी घेताना तिची चौकशी सनरूफच्या आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडे रात्रीच्या वेळी महामार्गावर गुरे बसलेली असतात, विशेषतः पावसाळ्यात कोरडी जागा शोधत ती डांबरावर येतात, त्यामुळे ही चाचणी आपल्यासाठी दूरची गोष्ट नाही. अशा वेळी पहिली कृती आपल्याच लेनमध्ये सरळ राहून जोराने ब्रेक दाबण्याची असावी. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतेच, आणि ते असले की पूर्ण ब्रेक दाबूनही स्टेअरिंग हातात राहते. जनावर चुकवायचेच असेल, तर ते वेग बऱ्यापैकी उतरल्यावर चुकवावे.

ओझ्याचा विषय चतुर्थीच्या दिवसांत विशेष महत्त्वाचा ठरतो. पणजीहून किंवा मुंबईहून मूळ घरी निघालेल्या गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, माटोळीची (गणपतीच्या डोक्यावर टांगायची) फळे आणि वर टपावर आणखी एखादे बोचके असते. डिकीतल्या वजनाने गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची उचलली जाते; पुढच्या टायरवरचा भार कमी झाल्याने स्टेअरिंग हलके आणि ढिले लागते, तर मागचे टायर दबून त्यांच्या भिंती बाजूला लवू लागतात. टपावरचे ओझे उंचावर असल्याने हेलकावा वाढवते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणामागे एक लहानसा कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोन माणसांसाठी किती हवा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी किती, हे बऱ्याचदा वेगवेगळे दिलेले असते आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा आकडा वाढवलेला असतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, त्या आकड्याप्रमाणे हवा भरून घ्यावी. जड सामान डिकीत तळाला आणि मागच्या सीटला टेकवून ठेवावे, टप शक्यतो रिकामा ठेवावा. एवढे केले तरी भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी वळणार नाही, म्हणून लेन बदलायला चारऐवजी पाच-सहा सेकंद द्यावेत.

आधी पाहणे, मग वळणे

लेन बदलताना होणारे बरेच अपघात दुचाकीला धक्का लागून होतात, आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे घरटी दुचाकी आहे आणि पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून भाड्याने प्रवासी नेणारे पायलटही त्याच रस्त्यावर असतात, तिथे आरसा नीट लावणे हे कोणत्याही यंत्रणेपेक्षा मोलाचे आहे. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचा अर्धा दरवाजा दिसत असेल, तर तो आरसा वाया गेला. आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेरच्या बाजूला फिरवावा. मग मागून येणारी गाडी आधी आतल्या आरशात, तिथून निघाली की बाजूच्या आरशात आणि त्यातून निघाली की डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते. तरीही मोटारसायकल मावेल एवढी आंधळी जागा उरतेच. तिच्यासाठी मान खांद्याकडे वळवून क्षणभर पाहावे लागते, त्याला पर्याय नाही. बाहेरचे आरसे फुगीर काचेचे असतात आणि त्यांत मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून अंतराचा अंदाज आतल्या, सपाट आरशावरून घ्यावा.

इंडिकेटर हा सूचना देण्यासाठी आहे, परवानगी मिळवण्यासाठी नाही. तो सुरू करून चार-पाच वेळा टिकटिक होऊ द्यावी; साधारणपणे मिनिटाला ६० ते १२० या गतीने तो लुकलुकतो, त्यामुळे तेवढ्यात सुमारे तीन सेकंद जातात. हल्लीच्या गाड्यांत दांडीला नुसते बोट लावले की तीनदा लुकलुकून तो बंद होतो; माझ्या मते ते अपुरे आहे. आपण ताशी ४० ने जात असू आणि मागची मोटारसायकल ६० ने येत असेल, तर ती दर सेकंदाला साडेपाच मीटर जवळ येते. तीन सेकंदांत सतरा मीटर म्हणजे आरशात लांब वाटलेली मोटारसायकल आपल्या दाराशी. म्हणूनच आरसा दोनदा पाहायचा, इंडिकेटरच्या आधी आणि नंतर, कारण दुसऱ्या वेळी ती मोटारसायकल किती मोठी झाली यावरून तिचा वेग कळतो. वळताना ब्रेक लावू नये. वेग कमी करायचा असेल तर तो आपल्या लेनमध्येच, सरळ असताना करावा. ओव्हरटेक करून डावीकडे परतताना मागे टाकलेल्या गाडीचे दोन्ही दिवे आतल्या आरशात दिसल्यावरच परतावे. अखंड पांढरी रेघ असेल तिथे, चौकाजवळ, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर लेन बदलू नये, हे सर्वांना ठाऊक असते.

फोंडा ते मोले यांसारख्या दुपदरी रस्त्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली दुसरी लेन समोरून येणाऱ्यांची असते. ताशी ४० ने जाणारी बस ६० ने ओलांडायला, पुढची-मागची मोकळी जागा धरून, साधारण नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण दीडशे मीटर जातो आणि समोरून ६० ने येणाराही दीडशे मीटर येतो. सरळ, मोकळा रस्ता तीनशे मीटरपेक्षा बराच जास्त दिसत नसेल, तर बसमागे राहावे.

पाणी, वारा आणि डांबराची कड

रस्त्यावर साचलेले पाणी सगळीकडे सारखे नसते. सरळ रस्ता मधून उंच किंवा एका बाजूला उतरता ठेवलेला असतो, त्यामुळे पाणी कडेला जमते. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो आणि तिथे ते दुभाजकालगतही तुंबते. लेन बदलताना अशा पाण्यात आधी एका बाजूची चाके शिरतात, पाणी त्यांना मागे ओढते आणि स्टेअरिंग त्या बाजूला खेचले जाते. चालकाला वाटते गाडी घसरली, आणि तो स्टेअरिंग उलट झटकतो. पाण्यातून चाक बाहेर येताच तो झटका पूर्ण ताकदीने लागू होतो. योग्य कृती म्हणजे स्टेअरिंग घट्ट, सरळ धरून अॅक्सिलरेटर हळूच सोडणे. पाणी खोल असेल आणि वेग जास्त असेल, तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगतो. टायरमध्ये योग्य हवा आणि पुरेसे खाचे असतील तर हे ताशी ८०-९० च्या पुढे होण्याचा धोका असतो. हवा कमी असेल किंवा खाचे झिजलेले असतील, तर त्याच्या बरेच आधी होते. खाच्यांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण गोव्याच्या पावसात तिथवर वाट पाहू नये.

झुआरी किंवा मांडवीच्या पुलांवर पावसाळ्यात आडवा वारा असतो. कंटेनरच्या बाजूने जाताना काही क्षण आपण त्याच्या आडोशाला असतो, आणि पुढे निघालो की वारा एकदम अंगावर येतो. उंच, हलक्या गाड्यांना हा धक्का चांगलाच जाणवतो. तो येणार हे माहीत असले, की हात आधीच तयार राहतात आणि गाडी वारा सांभाळून घेते.

याहून धोकादायक आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे डांबराची कड. पावसात रस्त्याच्या कडेची तांबडी माती वाहून जाते आणि डांबर व जमीन यांत तीन-चार इंचांची पायरी तयार होते. समोरच्याला वाट देताना डावी चाके खाली उतरतात. चालक घाबरून लगेच उजवीकडे वळवतो, पण टायरची भिंत त्या पायरीला घासत राहते आणि चाक वर चढत नाही, म्हणून तो आणखी वळवतो. मग चाक अचानक चढते, आणि तोवर स्टेअरिंग इतके वळलेले असते की गाडी एका क्षणात रस्ता ओलांडून समोरच्या लेनमध्ये जाते. चाके खाली उतरलीच, तर तशीच सरळ चालू द्यावीत, ब्रेक न दाबता वेग अगदी कमी होऊ द्यावा, आणि मागेपुढे पाहून, जिथे कड उथळ असेल तिथून सावकाश वर यावे.

वेगात येणारी थरथर

आता दुसरी तक्रार. रस्ता कोरडा, सरळ आणि गुळगुळीत आहे, गाडीत एकटा चालक आहे, आणि तरीही ऐंशीला स्टेअरिंग थरथरते, नव्वद-शंभरला कधी कधी कमीही होते. हे बहुधा चाकाचा तोल बिघडल्याचे लक्षण असते. साध्या हॅचबॅकच्या टायरचा घेर दोन मीटरच्या किंचित आत असतो, म्हणजे ताशी ८० ला चाक सेकंदाला साडेअकरा वेळा फिरते. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल, तर या वेगाला ते दोन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते आणि दर फेरीला त्याची दिशा फिरते. शंभरला हा जोर तीन किलोंवर जातो. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगच्या जोडणीची स्वतःचीही थरथरण्याची एक ठरावीक गती असते, आणि चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळतात त्या वेगालाच हादरा सर्वांत जास्त जाणवतो. तो वेग टाळून चालवणे हा उपाय नव्हे, कारण चाक तेव्हाही हादरत असते, फक्त आपल्या हातापर्यंत ते पोहोचत नाही.

डिचोली-साखळीकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवरून पावसाळ्यात नियमित ये-जा करणाऱ्यांनी बॅलन्सिंगला, म्हणजे चाकाचा तोल साधून घ्यायला, पैसे देण्याआधी एक गोष्ट करावी. चाकाच्या मागच्या बाजूला हात घालून रिमच्या आतल्या खोबणीत चिखलाचे थर वाळून बसले आहेत का, ते पाहावे. गाडी धुताना वरून पाणी मारले जाते आणि आतला चिखल तसाच राहतो; वाळलेल्या मातीचा मूठभर गोळा २० ग्रॅमच्या कितीतरी पट भरतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो काढून टाकला की थरथर अनेकदा तिथेच संपते. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत रिमची कड गंजते आणि तिच्यावर ठोकलेले तोलाचे वजन कधी तरी गळून पडते. त्या जागी स्वच्छ, चौकोनी ठसा उरतो, तो नीट पाहिल्यास दिसतो.

जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरी गाडी सहा-सहा महिने एकाच जागी उभी असते. तिच्या टायरचा खालचा भाग भाराने चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर सगळी गाडी ठकठक हादरते. टायर गरम झाल्यावर हे कमी होत गेले तर काळजीचे कारण नाही. नाही गेले, तर टायर बदलावा. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. कमी चाललेली गाडी असेल तर हा आकडा अवश्य पाहावा, कारण खाचे पूर्ण असूनही रबर आतून जुने झालेले असते. टायरवर कुठेही फुगवटा दिसला, तर त्या टायरवर महामार्गावर जाऊच नये.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते. तोल बिघडला तर गाडी थरथरते. चाकांचे कोन बिघडले तर ती एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतो. थरथरीसाठी अलाइनमेंट करून घेतली तर पैसे जातात आणि थरथर राहते. म्हणून मेकॅनिकला ‘गाडी हलते’ एवढेच सांगू नये. कोणत्या वेगाला हलते, हाताला जाणवते की सीटला, आणि ब्रेक दाबल्यावर हलते की न दाबताही, या तीन गोष्टी सांगाव्यात. स्टेअरिंग थरथरते तेव्हा दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो, सीट आणि तळ थरथरतो तेव्हा मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. अगदी कमी वेगातही गाडी डुलत असेल, तर वाकलेले रिम किंवा आतले थर सुटलेला टायर यांचा संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढणारा घूं असा आवाज बेअरिंगचा असतो. खड्ड्यात खटखट वाजणारे आणि लेन बदलताना गाडी उशिराने वळवणारे दोष टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा), लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भागाचे) बुश किंवा शॉकअप यांचे असतात. हे तातडीने दुरुस्त करावेत, कारण टाय रॉड किंवा लोअर आर्म सुटला तर स्टेअरिंगच हातातून जाते.

चाके काढून पुन्हा बसवली असतील, तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पान्याने पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. ढिल्या नटांचीही थरथरच येते आणि ती दिवसागणिक वाढते. दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, मागे वाहन नसताना गाडी चालवून पाहावी. थरथर राहिलीच, तर पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे लावून घ्यावीत. त्यानंतर ती स्टेअरिंगमधून सीटखाली सरकली, तर दोष त्या चाकांत किंवा टायरमध्येच आहे. स्टेअरिंगमध्येच राहिली, तर चाके सोडून हब (चाक ज्यावर बसते तो भाग), डिस्क आणि स्टेअरिंगची जोडणी तपासायला सांगावे.